शेवटच्या सेटला साडेपाच

“खडू हातात असला की माझ्याशी बोलायचं नाही! किती वेळा सांगू?”

मी असा खेकसलो तसा ऑफिसातला गायधनी क्लार्क दारातच थबकला. पण गेला नाही. हातातला कागद हलवत, दात काढत तिथंच उभा राहिला.

“बरं बाबा, नाही बोलत. यादी आलीय, एवढंच सांगायला आलो होतो. जातो.”

“कसली यादी?”

“तू काम कर की. खडू आहे ना हातात.”

“गायधनी, मार खाशील आता. कसली यादी?”

“पर्मनंट करायच्या लोकांची. तीन नावं आहेत. त्यातलं एक सोपान बबन औटी. शनिवारी मॅडमची सही झाली की झालं.”

सोपान बबन औटी म्हणजे मीच. नऊ वर्षं मी त्या ट्रॅकवर कंत्राटी फिटर होतो. नऊ वर्षांत माझ्या मागून आलेले लोक कायम झाले, त्यांनी प्लॉट घेतले, त्यांच्या पोरींची लग्नं जमली, आणि मी दर अकरा महिन्यांनी नव्या कागदावर सही करायचो. त्यामुळं मी काय केलं असेल? खडू हातात तसाच धरून गायधनीला मिठी मारली. त्याच्या पांढऱ्या शर्टावर माझे काळे पंजे उमटले. तो शिव्या देत गेला आणि मी शीळ घालत उरलेलं काम उरकलं.

ते काम काय होतं ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

नगरच्या पुढं माळावर एका टायर कंपनीचा चाचणीचा ट्रॅक होता. तिथं साध्या गाडीचे टायर येत नसत. येत ते ताशी दोनशेच्या वर पळणाऱ्या गाड्यांचे. रुंद, बुटके, बोटानं दाबले तर मऊ लागणारे. या टायरांची नक्षी बाणाच्या टोकासारखी असते. चाक सरळ फिरलं की ती नक्षी रस्त्यावरचं पाणी बाहेर फेकते. तेच चाक उलट्या बाजूला लावलं तर पाणी बाहेर जायचं सोडून टायरखालीच अडकतं, आणि गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी करते. म्हणून कंपनी टायरच्या अंगावर फिरायच्या दिशेचा बाण कोरून देते.

आता आमच्याकडची गंमत अशी की ड्रायव्हरला आपण कुठल्या टायरवर चालवतोय हे कळू द्यायचं नसे. नाव कळलं की मन आधीच मार्क देऊन मोकळं होतं. म्हणून मी टायरवरचं नाव, नंबर, बाण, सगळ्यावर काळी पट्टी चिकटवायचो. सेटला नाव फक्त अ, ब, क, ड. आणि पट्टीखाली बाणच दिसेनासा झाला की डावं चाक कुठलं, उजवं कुठलं, हे मी रिमच्या आतल्या बाजूला खडूनं लिहायचो. त्या वेळी कोणी बोललेलं मला खपत नसे, ते यासाठी.

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त चाचण्यांच्या प्रमुख ओझरकर मॅडमना आणि मला ठाऊक असायची. त्या चार सेटांत एक सेट दोनदा यायचा. कधी पहिला आणि तिसरा, कधी दुसरा आणि चौथा. ड्रायव्हरला वाटायचं चार वेगळे आहेत. त्यानं एकाच सेटला दोन्ही वेळा सारखे मार्क दिले तर त्याचा शब्द खरा. नाही दिले तर टायर बाजूला राहिला, ड्रायव्हरच नापास. त्या मंगळवारी पहिला आणि शेवटचा सेट एक होता. पहिल्या सेटची चाचणी झाल्यावर मी ती चाकं धुतली, नवी पट्टी लावली. धुताना खडू गेला होता, तो परत लिहायला बसलो होतो, आणि गायधनी आला.

शेवटच्या सेटसाठी तात्या खोलीतून बाहेर आले.

तात्या म्हणजे रंगनाथ घोलप. ट्रॅकवरचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर, वय सत्तावन्न. वीस वर्षं एसटी चालवून इकडं आलेले. पुण्याहून पोरं यायची, गॉगल, हातमोजे घालून, आणि तात्या पायजम्यासारखी ढगळ पँट घालून त्या चपट्या लाल गाडीत वाकून बसायचे. पहिल्या वळणावर पोरं हसायची थांबायची. टायरविषयी तात्यांची भाषाच निराळी. “हा शहाणा आहे, सुटायच्या आधी सांगतो.” “हा गोडबोल्या, सरळ रस्त्याला छान आणि वळणावर तोंड फिरवतो.” मॅडम हसत हसत म्हणायच्या, “तात्या, हे आकड्यांत सांगा ना.” मग तात्या पेन्सिल चावत आकडा लिहायचे. तो आकडा नेहमी बरोबर निघायचा.

मला ट्रॅकवर आणलं त्यांनीच. हायवेला माझं पंक्चरचं खोपटं होतं. तिथं एकदा थांबले, मी चाक कसं खोलतो ते उभं राहून बघितलं आणि म्हणाले, “माझ्याबरोबर चल उद्या.” एवढंच.

तात्यांचा एक नेम होता. खोलीतून निघाले की गाडीच्या दाराच्या मुठीवर नजर. खाली चाकाकडे बघायचं नाही. नाव झाकलेलं असलं तरी नक्षीवरून थोडंफार कळतं म्हणून. त्या दिवशीही तसेच आले, दार उघडलं, बसले, निघाले.

ट्रॅकवर फवारे चालू होते. चैत्राचं ऊन आणि त्यात सगळा रस्ता ओला. पहिल्या दोन फेऱ्या ते बेतानं जात. तिसऱ्या फेरीला मोठ्या वळणावर वेग वाढवला आणि गाडीचा मागचा भाग झटकन बाहेर गेला. मी बघत होतो. लगेच सावरली त्यांनी, पण ते तात्यांच्या हातून कधी व्हायचं नाही. मला वाटलं, वय झालं. खोटं कशाला बोलू, तसंच वाटलं मला. मागच्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हापासून ऑफिसात कुजबुज होतीच.

परत आल्यावर ते बराच वेळ गाडीतच बसून राहिले. कागद मांडीवर. लिहीत होते, थांबत होते. मग उतरले आणि कागद हातात घेऊनच माझ्याजवळ आले.

“सोपान.”

“काय तात्या?”

माझ्या तोंडाकडे बघत राहिले थोडा वेळ.

“काही नाही. जेवलास का?”

“जेवलो ना. तात्या, यादीत नाव आलं माझं! पर्मनंट!”

“अरे वा! भले!” असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी खोकलो. “बायकोला फोन केलास का? आधी कर. जा.”

फोन करून आलो तोवर तात्या कागद पेटीत टाकून गेले होते. मी चाकं काढायला घेतली. मागचं डावं काढलं, पट्टी सोलली. बाण बघितला. आत खडूनं ‘डा’ लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. आणि बाण उलटा. पळत जाऊन मागचं उजवं काढलं. तेही उलटं. मागच्या दोन चाकांची मी अदलाबदल केली होती. ‘डा’च्या जागी ‘उ’ आणि ‘उ’च्या जागी ‘डा’. खडूकडे न बघता नुसत्या नक्षीकडे एक नजर टाकली असती तरी कळलं असतं. नाही टाकली. मी शीळ घालत होतो.

आजूबाजूला कोणी नव्हतं. ओलं फडकं हातात होतं. मी खडू पुसला.

तेव्हा मला वाटलं, एका सेटचं काय एवढं. बाकीच्या दोन ड्रायव्हरांची चाचणी आदल्या आठवड्यात नीट झालेली आहे, मॅडम आकडे जुळवतील, थोडंफार इकडंतिकडं. मनाला असं समजावलं की मन लगेच ऐकतं. अशा वेळी फार गुणी असतं ते.

बुधवारी सकाळी मॅडमनी तात्यांना बोलावलं. मी तिथंच खिडकीशी हवेचं यंत्र दुरुस्त करत होतो. मला बाहेर जा म्हणाल्या नाहीत.

“तात्या, बसा. कालचे तुमचे मार्क बघितले.”

“हां.”

“पहिल्या सेटला ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी तुम्ही आठ दिलेत. शेवटच्या सेटला साडेपाच.”

“हो. मागून सोडत होता. एकदम.”

मॅडमनी हातातला कागद टेबलावर ठेवला. त्या बाई वाईट नव्हत्या. सांगताना त्यांनाच अवघड जात होतं.

“तात्या, तो एकच सेट होता.”

“एकच?”

“पहिला आणि शेवटचा, एकच. बाकी दोघांनी त्याला दोन्ही वेळा आठ, आठ दिलेत.”

मला वाटलं, आता तात्या उसळतील. एसटीत असताना डेपो मॅनेजरशी भांडलेला माणूस. म्हणतील, काही तरी घोळ आहे, चाकं बघा, फिटरला बोलवा. मी पान्हा घट्ट धरून वाट बघत उभा होतो. म्हटले असते तर मी कबूल केलं असतं. आज तरी मी स्वतःला असंच सांगतो.

पण तात्यांनी फक्त आपल्या हातांकडे बघितलं. पालथे केले, उलथे केले.

“मग माझंच चुकलं,” ते म्हणाले.

“डोळ्यांचा काही त्रास वगैरे...”

“टायर डोळ्यांना कळत नसतो मॅडम. बुडाला कळतो. बूड तेच आहे.” आणि ते हसले, पण मॅडमना हसू आलं नाही. “नियम काय आहे ते मला ठाऊक आहे. बाकीच्यांपेक्षा दोनाच्या वर फरक गेला की गाडी देत नाहीत. मीच दोघांना तसं घरी बसवलंय. माझ्यासाठी वेगळा कशाला?”

दुपारपासून तात्या गेटजवळच्या खोलीत बसले. पाहुण्यांना हेल्मेट द्यायचं, परत घ्यायचं. त्या पुण्याच्या पोरांनी त्यांच्या हातून हेल्मेट घेतलं आणि खाली बघत निघून गेली.

मी सांगायला हवं होतं. बुधवारी नाही सांगितलं. गुरुवारी नाही सांगितलं. शनिवारी सही व्हायची होती. रोज सकाळी ठरवायचो की आधी सही होऊ दे, मग सांगू. सही झाल्यावर काढून टाकणं सोपं नसतं. असा सगळा हिशेबी विचार डोक्यात, आणि गेटवरून जाताना त्या खोलीकडे मान वळवायची नाही. तात्याच हाक मारायचे, “सोपान, चहा झाला का?” मी हात हलवून पुढं.

शुक्रवारी संध्याकाळी सुटताना त्यांनी मला गाठलंच.

“सोपान, आज मला घरी सोड. माझी गाडी आणलीय, पण तू चालव.”

“मी कशाला? तुम्ही आहात ना.”

“चालव म्हणतो ना.”

त्यांची जुनी मारुती होती, लेकीसारखी जपलेली. मी चालवायला बसलो आणि ते डाव्या बाजूला. नऊ वर्षांत त्यांना दुसऱ्याच्या शेजारी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. हात दोन्ही गुडघ्यांवर ठेवलेले. वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला जायचा, आणि मग त्यांचं त्यांनाच लक्षात येऊन मागं यायचा. मी रस्त्याकडे बघत होतो, पण मला तो पायच दिसत होता.

“सकाळी येताना कसं आलात?” मी विचारलं.

“आलो कसातरी. तीसच्या पुढं नेली नाही.” मग म्हणाले, “नातीला शाळेत सोडायचो ना मी, ते आता सुनेला सांगितलंय. स्कूटीवर नेते ती. पोर रडत होती, आबाच पाहिजेत म्हणून. पण नको. आपल्याला वाटतं गाडी सुटतेय, आणि गाडी सुटत नसतेच. असा माणूस लहान पोर मागं बसवून कसा जाईल? उद्या नसलेलं काही वाटेल आणि मी भलतीकडे वळवीन.”

“तात्या, एका दिवसाचं काय मनाला लावून घेता?”

“एका दिवसाचं नाही रे. मला अगदी स्पष्ट कळलं होतं. इतकं स्पष्ट की मी शपथ घेतली असती. आणि ते खोटं निघालं. मग याआधी जे जे कळलं, त्यातलं खरं किती?”

त्यांचं घर आलं. दारात हौसाकाकू उभ्या होत्या. नवरा डाव्या बाजूनं उतरतोय हे बघितलं, आणि न विचारता आत गेल्या.

त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं तेव्हा तिलाच ओरडलो. मग तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग आता काय करायचं ठरवलंय?” म्हटलं, “काय करायचं ते तुला कळतंय, मला पण कळतंय.” ती म्हणाली, “पर्मनंट व्हायचं राहील.” म्हटलं, “राहील.” सकाळी तिनं डबा रोजच्यासारखा भरून दिला.

शनिवारी आठ वाजता मी मॅडमच्या टेबलासमोर उभा होतो. त्यांच्यापुढं तीच यादी होती, पेनाचं टोपण काढलेलं.

“मॅडम, सही करायच्या आधी ऐका. मंगळवारी शेवटच्या सेटची मागची चाकं मी उलटी लावली होती.”

पेन खाली ठेवलं त्यांनी. मग जे प्रश्न सुरू झाले! कुठली चाकं, किती वाजता, खडू कधी लिहिला, गायधनी किती वेळ होता, चाकं काढली तेव्हा कोण होतं. मी सगळ्याला उत्तरं दिली.

“काढताना तुम्हाला कळलं?”

“हो.”

“मग खडूची खूण कुठे आहे?”

“पुसली.”

त्यांचा चेहरा लाल झाला. “औटी, चूक मी समजू शकते. पुसलं कशाला?”

“भ्यालो.”

त्यांनी गेटवर फोन करून तात्यांना बोलावलं. तात्या आले, दारातच टोपी काढली. मॅडम मला म्हणाल्या, “तुम्हीच सांगा.” मी सांगितलं. मान खाली घालून, एका दमात. मला वाटलं, ओरडतील. वाटलं, बसवतील एक कानफटात. पण वर बघितलं, तर तात्या खुर्चीचा हात धरून सावकाश बसत होते.

“दोन्ही?” त्यांनी विचारलं.

“दोन्ही.”

“मागचीच?”

“मागचीच, तात्या.”

मॅडमनी फायलीतून तात्यांचा मंगळवारचा कागद काढला. ड सेटचा आकडा साडेपाच. खाली शेऱ्याची जागा होती आणि तिथं पेन्सिलीनं खूप खोडलेलं होतं, कागद फाटेल इतकं. मंगळवारी त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं. मॅडम तो कागद घेऊन खिडकीशी गेल्या, उजेडासमोर धरला, डोळे बारीक केले आणि एकेक शब्द वाचला.

“‘मागील... दोन्ही चाके... उलटी बसली आहेत काय... पाहणे.’”

एसटीत ड्रायव्हर गाडीचा दोष डेपोच्या वहीत असाच लिहितात. वीस वर्षांची सवय.

“तात्या!” मॅडम वळल्या. “तुम्ही बरोबर लिहिलं होतंत. अगदी चाकासकट बरोबर. मग खोडलं का?”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. चुकून कुणाच्या पायावर पाय पडल्यावर माणूस बघतो तसं.

“लिहिलं होतं, मॅडम. मग मनात आलं, चाकं लावली कोणी? सोपाननं. हा पोरगा नऊ वर्षांत कधी चुकला नाही. यानं लावलीत म्हटल्यावर उलटी कशी असतील? त्याला विचारावं म्हणून जवळ गेलो पण होतो. तर तो पर्मनंटचं सांगत सुटला, इतका आनंदात होता. म्हटलं, आजच्या दिवशी याला हे कसं विचारू? आणि विचारायचं तरी काय, तो चुकणारच नाही. मग उरलो मी. म्हणून खोडलं.”

कानफटात दिली असती तर बरं झालं असतं. खरंच सांगतो, चार माणसांत चप्पल काढून मारलं असतं तरी मी इतका मेलो नसतो. मला रडू आलं. मॅडमसमोर, तोंडावर हात घेऊन, लहान पोरासारखा रडलो. तात्या उठले आणि माझा दंड धरून उभे राहिले.

“बास,” म्हणाले. “बास आता. मॅडम, याचं काय करताय?”

“आज मी यांच्या नावापुढे सही करू शकत नाही, तात्या.”

“नका करू,” मीच म्हणालो.

“आणि तुमची चाचणी बुधवारी परत घेऊ. दुसऱ्या फिटरकडून.”

ती झाली. तात्यांनी त्या सेटला दोन्ही वेळा आठ दिले, अर्ध्याचाही फरक नाही. मॅडमनी ते कागद स्वतः सगळ्या ड्रायव्हरांना नेऊन दाखवले. त्यानंतर तात्या आणखी तीन वर्षं ट्रॅकवर होते. माझा करार संपल्यावर कंपनीनं नवा केला नाही, आणि मला त्याबद्दल कोणाचा राग नाही. बायपासला माझं दुकान आहे आता. पण हे सगळं नंतरचं.

त्या शनिवारी ऑफिसातून बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, “चल, घरी जाऊ.”

“आत्ता? ड्युटी?”

“मॅडमनी सोडलंय मला. तुला तर कोणी धरलेलंच नाही. चल. हौसाला तू सांग.”

“मी?”

“मी सांगितलं तर तिला वाटेल, हा मनाची समजूत काढतोय. मंगळवारपासून बघतेय ती. तुझ्या तोंडून ऐकू दे.”

मी माझ्या मोटरसायकलला किक मारली आणि बसलो. तात्यांनी माझ्या खांद्यावर टिचकी मारली.

“सरक मागं.”

मी मागं सरकलो. त्यांनी हँडल धरलं. गेटच्या बाहेर पडेपर्यंत हळू, आणि हायवेला लागल्यावर अशी सोडली की मला त्यांच्या कमरेला धरावं लागलं. सुप्याच्या फाट्यावर एक ट्रक आडवा येत होता, त्याच्या मागून अशी काही सफाईनं गाडी काढली की मीच डोळे मिटले. पुढून आवाज आला, “भ्यालास का रे?” आणि हसले. पाच दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना तसं हसताना ऐकलं.

काकू अंगणात खाटेवर कुरडया घालत होत्या. हात चिकानं माखलेले. आम्हांला ऐन कामाच्या वेळी घरी बघून उभ्या राहिल्या.

“काय झालं? बरं नाही का वाटत?”

“याचं ऐक,” तात्या म्हणाले आणि पायरीवर बसले.

मी सांगितलं. मॅडमना सांगितलं होतं त्यापेक्षा अवघड गेलं. चाकं, बाण, खडू, त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण मध्येच त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“म्हणजे यांचं काही चुकलं नव्हतं?”

“नाही काकू. त्यांनी लिहिलं ते सगळं बरोबर होतं. चूक माझी होती.”

“मी म्हणतच होते,” त्या तात्यांकडे वळून म्हणाल्या. “रोज म्हणत होते मी तुम्हांला. तर म्हणे, तुला काय कळतं.” चिकाचा हात तसाच डोळ्यांना लावला आणि कपाळाला पांढरा पट्टा उमटला. तात्या खाली बघून अंगणातली काडी मोडत राहिले.

मग त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ऐकायची तयारी होती माझी. पण त्या अगदी हळू, खरोखर माहीत नसलेली गोष्ट विचारावी तसं बोलल्या.

“मंगळवारीच कळलं होतं ना तुला? हा माणूस झोपेतून उठून बसायचा. हाताच्या मुठी वळायचा, उघडायचा, बघत राहायचा. चार दिवस. मग तू चार दिवस कुठं होतास रे?”

मॅडमनी मला सतरा गोष्टी विचारल्या होत्या. ही विचारली नव्हती. तात्यांनीही नाही, तेव्हा नाही आणि पुढंही कधी नाही.

“इथंच होतो काकू,” मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हात धुवायला आत गेल्या आणि आतूनच म्हणाल्या, “दोघंही हातपाय धुवा. पानं वाढते.”

मी नको नको म्हणत होतो, पण तात्यांनी मनगट धरून नेलं आणि शेजारी बसवलं. गरम भाकरी होती, वांग्याचं भरीत होतं. मी पहिलाच घास पाण्याबरोबर उतरवला. शेजारी तात्या खाली मान घालून भराभर जेवत होते, आणि त्यांची भाकरी संपायच्या आत काकू दुसरी आणून टाकत होत्या.